कावळ्याला पाजलेलं पाणी

कावळे बघायला लागल्यापासून त्यांच्या ओरडण्याला मी माझे माझेच शब्द ठेवत आले आहे. पुस्तकात नुसतं 'काव काव' लिहून मोकळे होतात, त्याचा मला राग येतो. खरकटं दिसलं की 'हाळी', मांजर दिसलं की 'बोंब', आणि त्यांच्यातलं कुणी मेलं की झाडभर उठतो तो 'आकांत'.

परवा बंदरावर आकांत ऐकला म्हणून तिकडे गेले. वाळत घातलेल्या जवळ्याच्या मधोमध, बांबूला एक कावळा उलटा टांगला होता. मेलेला कावळा लटकवला की बाकीचे मासळीला तोंड लावत नाहीत, ही इथली जुनी रीत. पण हा पंख फडफडवत होता.

"मावशी, हा जिवंत आहे!" जवळा राखणाऱ्या बाईंना मी म्हटलं.

"मेलेला कुठे ओरडतो? हा ओरडतोय म्हणून बाकीचे लांब आहेत. भादव्यात पितरपाटाला सासऱ्यांचा घास खायला याच कावळ्यांना हात जोडून बोलवीनच की."

बोलता बोलता त्या उठल्या. करवंटीत पाणी घेतलं, कावळ्याचं डोकं तळहातावर अलगद उचललं आणि लेकराला पाजावं तसं थेंब थेंब चोचीत सोडलं. मला वाटलं, आता दोरी सोडतील.

"संध्याकाळपर्यंत टिकायला हवा," म्हणत त्यांनी गाठ आवळली.

घसा ओला झाल्यावर तो पुन्हा खणखणीत ओरडू लागला.

कावळ्याच्या प्रत्येक आवाजाला माझ्याकडे शब्द आहे. त्या पाण्याला नाही.