कालोलाइनेची मांडी

कालोलाइने माझी भावजय. आमच्या वावाऊ बेटावर तिच्यासारखी चटई विणणारी बाई नव्हती, आणि हे मी तिची नणंद असून सांगतेय! विणायच्या सभागृहात आम्ही सगळ्या बायका जमिनीवर समोरासमोर मांडी घालून बसायचो. तिची केवड्याच्या पानाची पट्टी ताणलेली, चापून बसलेली. माझ्याकडे बघून म्हणायची, "वन्सं, तुमच्या चटईतून कोंबडी निसटेल हो."

माझा भाऊ सोसाइआ गेला, तेव्हा शेवटच्या दिवशी त्याने तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं. लेक तोकिलुपे लग्नात बसेल ती चटई आईच्या हातची हवी. तिने विणायला घेतली. निम्मी झाली आणि खुब्याने दगा दिला. खाली बसवायला दोघी, उठवायला दोघी. रात्रभर कण्हायची. शेवटी तेही जमेना.

तिचा भाचा फेआओ ऑकलंडला असतो. तो म्हणाला, "मावशी, सांधा बदलून घे. सगळं पूर्वीसारखं होईल." ती आधी तयारच नव्हती. मग चटईकडे बघून म्हणाली, "चला, कापा काय कापायचं ते."

ऑकलंडहून परत आली ती काठीशिवाय! देवळात आम्ही गळा मोकळा करून गायलो. तिथून ती थेट सभागृहात शिरली, चपला काढल्या आणि म्हणाली, "सरका गं."

तिला सोडायला आलेल्या फेआओने धावत येऊन तिचा दंड धरला. "मावशी, खाली नाही बसायचं!"

"किती दिवस?"

तो मान खाली घालून म्हणाला, "कधीच नाही. मांडी घातली तर तुझा हा सांधा निखळेल. तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"

"मेल्या," मी म्हटलं, "तिला चालायला नको होतं रे, बसायला हवं होतं!" तो रडायला लागला. उलट तिनेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याने बिचाऱ्याने टेबल करून दिलं. पण एवढी मोठी चटई टेबलावर राहते होय? एक बाजू दाबावी तर दुसरी घसरते. आम्ही हसलो, तीही हसली. मग आम्ही उरलेला काठ उचलून तिच्या मांडीवर धरला. तिने वीतभर विणलं, बोट फिरवून पाहिलं आणि एकेक पट्टी उसवायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"ढिलं आलंय."

"आलं तर आलं! आईच्या हातचं आहे."

"माझ्या लेकीच्या चटईत ढिलं विणकाम? वन्सं, धरा. तुम्ही पुरं करा."

कोंबडी निसटेल म्हणणारी बाई! मी पट्टी हातात घेतली. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आम्हाला केवड्याच्या पट्ट्या फाडून देत राहिली, आणि विणता विणता मला रडू आवरेना.

लग्नात तोकिलुपे त्या चटईवर बसली. तिच्याभोवती आम्ही सगळ्या मांडी घालून. आई काठाला, खुर्चीवर. अनवाणी पावलं तेवढी चटईवर ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी मी आणि कालोलाइने ओसरीवर बसलो होतो, तेव्हा तिला ऑकलंडच्या दवाखान्यातून फोन आला, तिने तो स्पीकरवर लावला. आपल्याच बोलीतली नर्स होती. दुखतं का? नाही. चालता येतं? देवळापर्यंत. जिने चढता येतात? "बाळ, आमच्या गावात जिना कुठाय?" दोघी हसल्या. मग ती पोर म्हणाली, "आजी, तुम्ही समाधानी आहात ना?"

कालोलाइने म्हणाली, "हो बाळ. फार छान केलंत तुम्ही."

फोन ठेवल्यावर मी भडकलेच. "मांडीचं का नाही सांगितलंस?"

"तिने विचारलं नाही. आणि किती आनंदात होती हो ती पोर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी खाली बसले, फाडायच्या पट्ट्या पुढे ओढल्या आणि सवयीने शेजारची जागा थापटली. "ये गं, बैस."

बोलले आणि जीभ चावली. ती खुर्चीवरून त्या जागेकडे बघत राहिली.