सहावा तुकडा

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आई कापायची. बेकरीतून पाव आणायचा, कडा काढायच्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, मनुका उकळून रस गाळायचा. किती माणसं भाग घेणार हे तिला तोंडपाठ होतं. तरी दर महिन्याला ती एक तुकडा जास्तीचा कापायची. तो ताईचा होता.

ताईने कोरीटच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. मुलगा हिंदू. पप्पा चर्चचे पंच, तेही जुने. मुलीला शिस्तीखाली ठेवावं हा ठराव त्यांनी स्वतः उभं राहून मांडला. मंडळीपुढे येऊन लग्न हे पाप होतं असं कबूल करेपर्यंत तिला प्रभुभोजन नाही. पाळकसाहेब म्हणाले होते की थोडं थांबू. पप्पांना थांबायचं नव्हतं. पोटच्या पोरीचीही गय केली नाही, असं नंदुरबारभर नाव झालं त्यांचं, आणि ते नाव त्यांना आवडलं. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा तोंडातून शब्द काढला नव्हता.

ताई येत राहिली. बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसायची आणि तुकड्यांचं ताट तिच्या गुडघ्यांवरून पुढे जायचं. पप्पा दर नाताळला विचारायचे, "कबूल करतेस?"

"पाप केलंच नाही, पप्पा. काय कबूल करू?"

माझं लग्न मात्र चर्चमध्ये झालं. तीन रविवार लग्नाचा पुकार झाला, कोणाची हरकत आली नाही. नवरा पप्पांनीच पाहिला. तो माझ्याशी आठ-आठ दिवस बोलत नाही, बोलला तर बोलला नसता तर बरं असं वाटतं. पण आमच्या कुटुंबाचं उदाहरण प्रवचनात देतात.

मग आईने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजन देणार होते, आणि आईची एकच इच्छा होती, या खेपेला ताईने तिच्यासोबत भाग घ्यावा. ताईही आली होती, चार दिवसांपासून आईचं अंग पुसत होती.

भाकर कापायला मी बसले. आईने खाटेवरून हाक मारली. पप्पा घरातसुद्धा चर्चची मराठी बोलायचे, आई शेवटपर्यंत अहिराणीच.

"सहा कर वं बेटा. तीबी मन्ही पोर शे."

पप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. "पाळकसाहेब, मी, तुझी आई, तू, जावई. पाच."

पावाचा ढीग समोर होता. मी पाच कापले.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आईने तुकडा घेतला, पण तोंडात घातला नाही. तिने तो मोडला आणि अर्धा ताईकडे धरला. ताईने ओंजळ पुढे केली. पप्पांनी मधेच आईचं मनगट धरलं, दोन्ही अर्धे तिच्या बोटांतून काढून घेतले आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातले.

"तिला नाही," ते म्हणाले.

पाळकसाहेब खाली बघत राहिले. आईला गिळता येईना. कोरडा पाव, घसा सुकलेला, डोळ्यांतून पाणी. पाणी आणायला ताईच धावली. चमच्याने पाजून तिनेच तो घास खाली उतरवला. मी माझा तुकडा खाल्ला. मला तर भूकही लागली होती, हे आठवलं की स्वतःची किळस येते.

चौथ्या दिवशी आई गेली. दफनविधीत पप्पांनी साक्ष दिली की ती तृप्त होऊन गेली. बायका रडल्या. ताई दूर, दफनभूमीच्या फाटकापाशी उभी होती. सगळे पांगल्यावर मी तिच्याकडे गेले. मला वाटलं, ती पप्पांना शिव्या देईल, मग मीही देईन, दोघी मोकळ्या होऊ.

तिने विचारलं, "तुकडे तू कापलेस ना?"

"पप्पांनी पाच सांगितले होते."

"आईने सहा सांगितले होते. मी ऐकलं होतं."

ती कोरीटच्या रिक्षात बसून गेली, ती परत आली नाही. पप्पांवर तिचा राग नाही, असं ती नातेवाइकांना सांगते. माझा फोन ती उचलत नाही.

आता चर्चची भाकर मी कापते. माणसं मोजते, तेवढेच तुकडे करते. पप्पा म्हणतात, तुझा हिशोब आईपेक्षा चोख आहे.