मुलाखतीला ती आधी गेली

माझे वडील जालना एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये कामाला होते. मी नववीत असताना तापलेली सळई त्यांच्या पायावरून गेली. आम्ही गावी टेंभुर्णीला परतलो. आई रोजानं खुरपायला जाऊ लागली आणि वडील वर्षभर खाटेवर. शाळा चौथीपर्यंतच झालेली, तरी ते माझं विज्ञानाचं पुस्तक धरून मला प्रश्न विचारायचे. उत्तर त्यांना कळत नसे. छापलेल्या ओळीवर बोट ठेवून मी बराबर तेच म्हणते का, एवढंच बघायचे. एक शब्द गळाला तरी म्हणायचे, "थांब, इथं आजून काहीतरी हाय."

हे घराबाहेर गावातल्या एकाच मैत्रिणीला ठाऊक होतं. तिचे वडील त्याच मिलमध्ये वजनकाट्यावर बसायचे, धडधाकट. आम्ही दोघी एकाच जीपनं जाफराबादला कॉलेजात जायचो.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी एका ट्रस्टची शिष्यवृत्ती निघाली. एमएस्सीची फी आणि हॉस्टेल, दोन्ही. मार्क आणि उत्पन्नाचा दाखला बघून मुलाखतीला बोलावत होते. आमच्या कॉलेजातून आम्हा दोघींनाच बोलावणं आलं.

जालन्याला जाताना एसटीत तिनं विचारलं, "तू काय सांगणार?"

मी सगळं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "ते बोटाचं नक्की सांग. लय भारी हाय."

आधी तिचं नाव पुकारलं. ती बाहेर आली ती माझ्याकडं न बघता पाणी प्यायला गेली.

आत एक बाई आणि दोन साहेब होते. "घरची परिस्थिती सांग," बाई म्हणाल्या. मी सळईपासून सुरुवात केली. बोटापर्यंत आले तसा बाईंनी पेन खाली ठेवला.

"हे आम्ही आत्ताच ऐकलं. तुझ्या मैत्रिणीकडून."

"मॅडम, ते माझे वडील आहेत."

एक साहेब हसले. "अपघाताचा काही कागद?"

मिलनं कागद दिलाच नव्हता. तेवढंच मी सांगितलं. पाच मिनिटांत मी बाहेर होते.

ती पायऱ्यांवर बसली होती. मी विचारलं, "असं का केलंस?"

"मला काय माहीत मला आधी बोलावतील म्हणून?"

"म्हणजे नंतर बोलावलं असतं तर तू दुसरं सांगणार होतीस?"

ती उठून ओढणी झटकू लागली. मग म्हणाली, "अगं, माझ्याकडं सांगण्यासारखं काहीच न्हवतं."

परतीच्या एसटीत आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

यादीत तिचं नाव आलं. मी वर्षभर गावात शिकवण्या घेतल्या, मग सरकारी सवलतीवर एमएस्सी केलं. फीचं निभलं. पण माझ्या वडिलांना तिनं परक्यांसमोर आपलं म्हटलं, आणि लोकांनी ते तिचेच मानले, हे मला आजही गिळता येत नाही.

यादी लागल्यावर ती आमच्या घरी पेढे घेऊन आली. वडिलांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय इचारलं गं तुला?"

"असंच काका, घरचं."

"मंग बराबर सांगितलं असशील तू."

मी चहा केला, तिला दिला आणि त्यानंतर तिच्याशी कधी बोलले नाही. वडिलांना मी काही सांगितलं नाही. ते अजून मधूनच विचारतात, "त्या पोरीचं कसं चाललंय?"