देवघरवाल्याचा तानपुरा

लकडगंजात लाकडं कापायच्या आरामशीनच्या मागच्या गल्लीत माझं देवघरांचं दुकान होतं. सागवानी देवघरं, चार खांबांची, समोर महिरप, वर कळस. अख्ख्या पूर्व नागपुरात या रुपरावसारखी महिरप कोणी कोरत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते कधी माझ्या कानावर आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका रविवारी कृष्णकांत दुकानात आला. तो टेलिफोन खात्यात नोकरीला, आणि सुटीच्या दिवशी कोणाचा ना कोणाचा रेडिओ उघडून बसणारा माणूस. त्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्याला तीन बटणं ठोकलेली आणि एक वायर. त्यानं वायर प्लगात खुपसली आणि डबा चक्क तानपुऱ्यासारखा वाजायला लागला. एकामागून एक चार तारा छेडाव्यात तसा, न थांबता. मी रंधा खाली ठेवला आणि डब्याच्या मागं वाकून पाहिलं.

"मांगं काय पाहून राहिला गा?" त्यानं विचारलं.

"तारा कुठं आहेत?"

"तारा नाही. आत ट्रान्झिस्टर आहेत."

मी जाणत्या माणसासारखी मान हलवली. ट्रान्झिस्टर म्हणजे आमच्या घरी खुंटीला टांगलेला रेडिओ, एवढंच मला माहीत. तसे तीन-चार या डब्यात कसे कोंबले असतील, याचा विचार मी पुढं दोन दिवस करत होतो. पण विचारलं नाही. कारागीर माणसानं असं विचारू नये, असा माझा समज होता.

डबा कुसुमताईंसाठी होता. कुसुमताई अंध मुलामुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. त्या स्वतःही लहानपणापासून अंध. त्यांचा खरा तानपुरा सायकलरिक्षात आडवा धरून न्यावा लागायचा, आणि शाळेत पोचेपर्यंत आपल्या नागपूरच्या उन्हानं त्याच्या तारा उतरलेल्या असायच्या. म्हणून कृष्णकांतनं हा डबा बनवला. सूर त्यांना पसंत पडला, डबा नाही.

"ताई म्हणतात, हात लावला की डाळीचा डबा उघडून राहिली असं वाटते," कृष्णकांत म्हणाला. "तू लाकडाची पेटी करून दे. एकदम साधी."

'साधी' हा शब्द मी ऐकला होता, हे कबूल करतो. पण आजवर माझ्या हातून साधं काही झालं नव्हतं, आणि ही विजेवर वाजणारी वस्तू नागपुरात किती लोक बघतील, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. आवाज बाहेर यायला जाळी हवी होती, तीत मी कमळं कोरली. चार कोपऱ्यांना चार खांब दिले. तीन बटणं खरादावर फिरवून अशी उतरवली की एकात नि दुसऱ्यात तिळभर फरक दिसू नये. लाखेच्या पॉलिशचे आठ हात दिले. शेवटी वरचा भाग ओकाबोका वाटायला लागला, म्हणून एक छोटा कळस बसवला.

बायको चहा घेऊन दुकानात आली. पुष्पलता तिचं नाव. तिनं पेटीकडं सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"अवो, यात देव कोणता बसवाचा हाय?"

"देव नाही वं. तानपुरा हाय."

"मंग कळस काहून?"

"शोभेले."

ती चहा ठेवून गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कृष्णकांतनं डब्यातलं सगळं पेटीत बसवलं, आणि ती घेऊन आम्ही दोघं शाळेत गेलो. कुसुमताई सतरंजीवर बसल्या होत्या. चाळिशीच्या, सुती लुगडं, आवाज खणखणीत. मी पेटी त्यांच्यासमोर ठेवली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "ताई, पॉलिश पाहा. तोंड दिसते त्यात."

कृष्णकांत खोकला. मला वाटलं त्याला ठसका लागला.

"दिसत असेल हो," कुसुमताई म्हणाल्या. "मग कसं दिसतंय तुमचं तोंड?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "आता काही बरं दिसत नाही, ताई."

त्या मनापासून हसल्या. मग त्यांचे हात पेटीवरून फिरायला लागले. खांब, जाळी, कमळं. कळसाशी बोटं थांबली, मग खाली सरकली. पेटी उचलून मांडीवर घेताना मात्र त्यांनी एकदम हात काढला. बोटात कुसळ गेलं होतं.

"खालून रंधा मारला नाही तुम्ही?"

"खाली कोण पाहते, ताई?" मी बोलून गेलो. पाच मिनिटांत दुसऱ्यांदा.

"मी पाहते," त्या शांतपणे म्हणाल्या. "उचलताना माझा हात खालीच जातो." मग त्यांनी बटणं चाचपली. "यात सूर कोणता, आवाज कोणता, वेग कोणता?"

"डावीकडून पहिला सूर, मग आवाज, मग..."

"आणि पेटी उलटी ठेवल्या गेली तर?"

"होईल सवय," मी म्हणालो. दोनच दिवसांनी नागपूरजवळच्या कुही गावात त्यांचा कार्यक्रम होता, म्हणून त्यांनी पेटी तशीच ठेवून घेतली. मला वाटलं, जिंकलो.

कुहीला ताई, त्यांच्या मुली आणि कृष्णकांतसोबत मीही मुद्दाम गेलो. कामाचं कौतुक ऐकायला, दुसरं काय. एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसलो, तर शेजारच्या माणसानं तिला नमस्कार केला. तो नमस्कार मी माझ्या कोरीवकामाच्या खात्यावर जमा केला.

कार्यक्रम सकाळी दहाला, तिथल्या शाळेच्या पटांगणात. कुसुमताईंच्या चार विद्यार्थिनी गायला बसल्या, पेटी वाजायला लागली. पाहुणे भाषणाला उठले तशा ताईंनी पेटीचा आवाज कमी करायला हात घातला. बटण फिरलं सुराचं. पेटी एकदम वरच्या पट्टीत गेली, आणि सुराला धरून बसलेल्या मुली इमानदारीनं तिच्यामागं वर गेल्या. ताईंनी दुसरं बटण फिरवलं, तर वेग वाढला. पाहुणे हातातला कागद धरून तसेच उभे, आणि पेटी घाई झाल्यासारखी किंचाळत होती. शेवटी कृष्णकांतनं धावत जाऊन वायर उपटली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण कार्यक्रम पुन्हा सुरू झाला आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. रुखमाबाई तिचं नाव, हे मागाहून कळलं. समोर खांब, कमळं, कळस, आणि आतून सूर निघतो आहे. तिनं कनवटीचं फूल पेटीवर वाहिलं, कुंकू लावलं आणि हातातल्या गडव्यातलं पाणी भक्तीनं जाळीवर शिंपडलं.

पेटी एकदा घरघरली. मग आतून जळाल्याचा वास आला आणि ती गप्प झाली.

"बिघडली का वं माय?" रुखमाबाईनं घाबरून ताईंना विचारलं.

"तुमची चूक नाही आजी," ताई म्हणाल्या. "चूक देवघरवाल्याची आहे."

सगळं पटांगण हसलं. मीही हसलो, कारण देवघरवाला कोण हे तिथं कोणाला माहीत नव्हतं. पण कृष्णकांतनं माझ्याकडं बोट दाखवलं.

परतीच्या एसटीत मी ताईंना म्हणालो, "मले पेटी परत द्या. दुसरी करतो."

"करा. पण डोळे मिटून करा."

त्या थट्टेनं म्हणाल्या असतील. मी मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात डोळ्यांवर उपरणं बांधून बसलो. पहिल्या तासात पटाशी अंगठ्याला लागली, डिंकाचं भांडं लवंडलं, आणि देवघर न्यायला आलेलं गिऱ्हाईक मला तसं पाहून आल्या पावली परत गेलं. पुष्पलतेनं अंगठ्याला चिंधी बांधली.

"कापताना तरी पाहत जा," ती म्हणाली. "झाल्यावर मिटा ना डोळे."

हे मला सुचलं नव्हतं. मग मी तसंच करायला लागलो. डोळे उघडे ठेवून कापायचं, मिटून हात फिरवायचा. वीस वर्षं लाकूडकाम करत होतो, पण सागवानाची उलटी-सुलटी बाजू बोटांना एवढी वेगळी लागते, हे तेव्हा पहिल्यांदा समजलं. मी खालची बाजू काचकागदानं इतकी घासली की वरच्यापेक्षा ती गुळगुळीत झाली. कोपरे गोल केले. उचलायला दोन्ही बाजूंना बोटं बसतील अशा खाचा काढल्या. सुराचं बटण मोठं, कडेनं दातेरी. आवाजाचं गोल, गुळगुळीत, मधे हरभऱ्याएवढा खड्डा. वेगाचं चपटं, चिमटीत धरायचं. सुराचं बटण जड फिरावं म्हणून त्याच्याखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती घातली, म्हणजे चुकून धक्का लागला तरी सूर हलणार नाही. जाळी समोरून काढून मागं नेली. आतलं जळालेलं कृष्णकांतनं नवं करून बसवलं. कळस करायला हात शिवशिवत होते. तेवढ्यासाठी त्या आठवड्यात एक वेगळं देवघर करून घेतलं.

ताईंनी नवी पेटी मांडीवर घेतली, फिरवली, उलटी केली. बटणं एकदाच चाचपली. मग लावली, आणि मला काहीच न सांगता गायला लागल्या. मी दहा मिनिटं तसाच उभा होतो.

पुढल्या पाच वर्षांत मी आणि कृष्णकांतनं अशा अकरा पेट्या केल्या. एक भंडाऱ्याला गेली, दोन अमरावतीला. मग दुकानांतून कारखान्याची प्लास्टिकची पेटी आली. हलकी, बॅटरीवर चालणारी. ताईंना कोणीतरी ती भेट दिली, आणि त्या ती वापरायला लागल्या. मी नाराज झालो, आणि तिचे दोष काढायलाच कृष्णकांतला घेऊन शाळेत गेलो. तर तिचा सूर आमच्यापेक्षा चांगला होता. मला सुरातलं काही कळत नाही, तरी तो कळला. कृष्णकांतलाही कळला, कारण त्यानं पेटी उघडून पाहायचं नावही काढलं नाही.

"फक्त बटणं सगळी सारखी आहेत हिची," ताई म्हणाल्या. "तुमची बसवून देता?"

मी बसवून दिली. बसवताना प्लास्टिकला तडा गेला, तो डिंकानं सांधला, आणि डाग लपेना म्हणून तो खालच्या बाजूला आहे असं सांगून मोकळा झालो. ताईंनी बोट फिरवलं. तो वरच होता.

"बसा आता," त्या म्हणाल्या. वर्ग सुरू झाला. वीस मुलं एका सुरात गायला लागली. मलाही राहवलं नाही, मी मागं बसून हळूच सूर लावला. ताईंनी गाणं थांबवलं.

"रुपराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसतं ऐका."