जेवणाच्या सुट्टीतला योद्धा

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्याहून बंगळूरला आले आणि मल्लेश्वरमजवळच्या एका संशोधन संस्थेत प्रोग्रामर म्हणून लागले. तिथल्या संगणकांना परदेशाशी जोडणी होती. एका सहकारिणीने मला एक खेळ दाखवला. त्यात चित्रं नव्हतीच, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं फक्त. 'तुम्ही दगडी पुलावर उभे आहात,' असं वाक्य यायचं, आपण 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं. त्याच पुलावर कुठकुठली माणसं भेटायची.

डबा खाऊन उरलेली वीस मिनिटं मी खेळायचे. खेळात मी जखमींवर उपचार करणारी वैद्य झाले होते. बाकीचे भराभर वरच्या पायऱ्या गाठत, मी वर्षभर तिसरीवरच. मला त्याचं काही वाटत नसे. पुलावर बसून गप्पा मारायला मिळत, तेवढं पुरे होतं.

तिथे एका योद्ध्याशी मैत्री झाली. फार बोलका. अस्वलाशी लढतानाही विनोद करायचा. एकदा मी घाईने निघाले, तर त्याच्या इंग्रजी वाक्यात मधेच 'स्वल्प' आलं, कन्नडमधलं 'जरा'. "स्वल्प थांबा, ही जखम तेवढी बांधा." मी चमकले. इतके दिवस मी त्याला अमेरिकेतला समजत होते, तो निघाला बंगळूरच्याच येलहंक्याचा.

शनिवारी दुपारी मल्लेश्वरममधल्या एका हॉटेलात आम्ही भेटलो. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. पडद्यावरचा 'तो' तिथल्या तिथे 'ते' झाला.

"काम कुठे करता?" मी विचारलं.

"क... क..." शब्द निघेना. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले.

"कंपनीत?"

त्यांनी मान डोलावली. त्यानंतर मीच बोलत राहिले आणि त्यांची अर्धी वाक्यं पुरी करत राहिले. मला वाटलं, आपण त्यांना मदत करतोय. कॉफी संपताच ते निघाले.

सोमवारी पुलावर योद्धा आला. "मी कंपनीत नाही, कॉलेजात आहे. प्रयोगशाळा सांभाळतो. पण ते दुरुस्त करायला आणखी एक वाक्य लागलं असतं."

मी लिहिलं, "चुकलं माझं. पुन्हा भेटाल? मी मधे बोलणार नाही."

ते आले. मी दोन्ही हात पेल्याभोवती धरून गप्प बसले. गप्प बसणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणता यायचं नाही, म्हणून गैरहजेरी लागायची, हे त्यांनी सांगितलं. एवढं सांगायला कॉफी पार निवली. टेबल पुसणारा दोनदा येऊन गेला.

पुढे संस्थेने तो खेळ बंद केला. माझी वैद्य तिसऱ्या पायरीवरच राहिली. आमचं भेटणं मात्र महिन्यातून एकदा चालू राहिलं. सवय एकदम जात नाही. त्यांचा शब्द अडला की तो माझ्या ओठांवर यायचा आणि मी तो गिळायचे. ते त्यांना दिसायचं. मग ते हसायचे आणि आपलं वाक्य पहिल्यापासून सुरू करायचे.