मिनिटकाकांचे खड्डे

माझ्या धाकट्या काकांना गावात कोणी नावाने हाक मारत नाही. मिनिटकाका म्हणतात. गुडघाभर खड्डा खणायचा, त्यात बादलीभर पाणी ओतायचं आणि ते मुरेपर्यंत घड्याळ घेऊन काठावर बसायचं, हा त्यांचा उद्योग. आधी विहिरी खणायचे. गुडघे बोलू लागल्यावर खड्ड्यांवर आले. मुलगी पाहायला गेले तेव्हाही त्यांनी आधी परसातली माती चोळून पाहिली आणि मग मुलीकडे पाहिलं, असं आई सांगते. काकू ते अजून विसरलेली नाही.

गावाची पिण्याची विहीर एकच, उताराच्या पायथ्याशी. वरचा उतार दरवर्षी थोडा थोडा नांगरला जायचा आणि विहीर दरवर्षी थोडी थोडी गाळाने भरायची. गेल्या उन्हाळ्यात बादलीत पाण्यापेक्षा चिखलच जास्त यायला लागला. मग काकांनी गावसभेत जमिनीच्या नकाशाचा बेत मांडला. जिथे पाणी झटकन मुरतं, ती जमीन विहिरीला पाजते. तिथे नांगर बंद, फक्त गवत आणि झाडं. जिथे पाणी रेंगाळतं, तिथे खुशाल पिकं घ्या. जिथे ते दिवसेंदिवस उभंच राहतं, ती पाणथळ; तिथे ना नांगर, ना गुरं, ती पाखरांची. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. निसर्ग वाचला पाहिजे, यावर आमच्या गावाचं एकमत आहे. फक्त तो शेजाऱ्याच्या शेतात वाचावा.

काकांनी उतारावर चाळीस खड्डे खणले आणि मोजणी उद्या म्हणून घरी गेले. इथेच फसले. मातीची नस ओळखणाऱ्या माणसाला मातीच्या मालकांची ओळखता आली नाही.

माझे वडील गवंडी. त्या संध्याकाळी ते घमेलं घेऊन निघाले. "आपला खड्डा जरा साफ करून येतो," म्हणाले. चिकणमाती नेऊन खड्डा साफ करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पाणी जरा रेंगाळलं असतं तरी काम भागलं असतं. पण वडिलांच्या हाताला अर्धवट काम ठाऊकच नाही. त्यांनी असा गिलावा केला की पाणी चार दिवस हललं नाही. पाचव्या दिवशी त्यात बेडूक होता.

पुढच्या सभेत काका वही उघडून वाचू लागले. "थोरल्या दादाचं शेत. पाणथळ. नांगर नाही, गुरं नाहीत."

वडील ताडकन उठले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लहानपणापासून बघतोयस, तिथे घोटभर पाणी थांबत नाही!"

"मग आता कसं थांबलं, दादा?"

"मी थापलं म्हणून!"

सभा पोट धरून हसली. काका हसले नाहीत. "तुझी नातवंडं त्याच विहिरीचं पितात ना रे," एवढंच म्हणाले. मला वडिलांची लाज वाटली, आणि चोख कामाचं कौतुकही. खोटं कशाला बोलू?

मग काका हसणाऱ्यांकडे वळले. "उद्या सगळे खड्डे नव्याने खणतो, मालकासमोर. आणखी कोणी थापलंय, आत्ताच सांगा."

हसू विरलं. एक हात वर आला, मग दुसरा, मग मोजायचा मी नाद सोडला. शेवटचा हात काकूचा होता.

"आपली भाजी उतारावरच्या त्या तुकड्यावरच होते," ती म्हणाली. "तुमच्या घड्याळावर चूल पेटत नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी पहिला खड्डा स्वतःच्या तुकड्यात खणला. अख्खा गाव बांधावर. एरवी श्रमदानाला चारजण जमत नाहीत. पाणी सहा मिनिटांत गायब.

"तिकडच्या कोपऱ्यात खणून बघा," काकू म्हणाली.

काकांनी खणलं. तिथे पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी तुकडा नकाशात हिरवा रंगवला, म्हणजे नांगर बंद, फक्त गवत आणि झाडं. रंग रेघेबाहेर गेला. वडिलांनी त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि आपल्या शेताकडे निघाले.

काकू मात्र खाली बसली आणि कोबीची रोपं उपटू लागली. एकेक, मुळांसकट.