वाटीकाकांची यादी

तुमच्या काचेच्या कपाटात मांडून ठेवलेली ती फ्रेंच वाइनची बाटली तुम्ही चव आवडली म्हणून आणलीत, की तिचं नाव पाहुण्यांना आधीच ठाऊक असतं म्हणून? उत्तर मला देऊ नका. स्वतःला द्या, आणि खरं द्या. वाटीकाका तुमच्या घरी आले असते तर बाटलीकडे न बघता, नुसतं तुमच्याकडे बघून त्यांनी ते ओळखलं असतं.

वाटीकाका वाइन स्टीलच्या वाटीतून प्यायचे. आमटीची असते तशी साधी वाटी, काठाला एका जागी चेपलेली. दोन घोट, फार तर तीन. इंदूरच्या राजेंद्र नगरला आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे, आम्ही दुसऱ्यावर. संध्याकाळी खिडकीशी बसून ते वाटी नाकाजवळ धरायचे तेव्हा वाटायचं, माणूस काढा पितोय.

ही सवय त्यांना हॉटेलने लावली. इंदूरच्या एका बड्या हॉटेलात चाळीस वर्षं त्यांनी पाहुण्यांच्या ग्लासात वाइन ओतली. पाहुण्यांच्या ग्लासाला नोकराने ओठ लावायचा नाही, असा तिथे नियम होता. म्हणून बाटलीच्या तळाशी उरलेलं ते स्टाफच्या वाटीत घ्यायचे. आता यातली गंमत बघा. ज्या बाटलीचं नाव सगळ्यांना ठाऊक, ती शेवटच्या थेंबापर्यंत संपायची. चव कशीही असो, संपायचीच, कारण पिणारे नाव पीत होते. उरायच्या त्या बिचाऱ्या अनोळखी: पोर्तुगालच्या, ऑस्ट्रियाच्या, हंगेरीच्या. "नाववाली बाटली मला कधी मिळालीच नाही, बेटा," काका सांगायचे. "जी कोणाला वाचता येत नाही ती आपली. आणि कसम से, तीच चांगली निघायची."

साहेबलोकांच्या अडाणीपणातून या माणसाचं शिक्षण झालं. मला यापेक्षा भारी विद्यापीठ माहीत नाही.

सुरुवातीला मला मात्र त्यांचा रागच यायचा. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बडा गणपतीजवळच्या छोट्या छापखान्यात बाबा पत्रकं छापायचे, मोर्च्यांची, वस्तीतल्या पाण्याची, दारूबंदीची, आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं. बाबांचा एकच नियम होता: कागदाच्या खाली नाव हवं. ज्याने लिहिलं त्याचं आणि ज्याने छापलं त्याचं. नाव नसलेला कागद त्यांनी कधी दाराबाहेर जाऊ दिला नाही. अशा घरातली मी, सतरा वर्षांची असताना जिन्यात काकांना अडवून म्हणाले होते की तुम्ही श्रीमंतांना दारू पाजता, लाज वाटत नाही का? ते शांतपणे म्हणाले, "पाजत होतो बेटा. आता रिटायर झालो. आता फक्त हसतो त्यांच्यावर."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायला ते मला बोलवू लागले. त्यांच्या आजोबांनी महूच्या पलटणीत नोकरी केलेली, माझ्या पणजोबांनीही. तेवढ्या ओळखीवर आई मला जाऊ द्यायची. मी नावं वाचायची, ते सांगतील ते वहीत लिहायची. डावीकडे पदार्थ, उजवीकडे वाइन. भुट्ट्याच्या, म्हणजे मक्याच्या कीसाशी ऑस्ट्रियाची ग्रूनर: "कीस दुधाने गोडावतो ना, हिच्यात मिरपुडीसारखा चटका आहे, ती त्याला जागेवर आणते." गराडूशी, म्हणजे मसाला भुरभुरलेल्या तळलेल्या कंदाशी, पोर्तुगालची हलकी, कोवळी विन्यो वेर्दे: "ही असली तर लिंबू पिळायला नको." साबुदाण्याच्या खिचडीशी मुस्कादे. ती फ्रान्सचीच, पण गरीब घरची, म्हणून तिला कोणी विचारत नाही. आणि मटणाच्या रश्श्याशी पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली दणकट लाल वाइन. ही शेवटची जोडी म्हणजे त्यांचा अभिमान होता. तिच्याखाली त्यांनी मला दोन रेघा मारायला लावल्या होत्या.

आता एका मंडळाकडे येते. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इंदूरला आलेल्या काही साहेबांनी आणि बाईसाहेबांनी एक वाइन मंडळ काढलं होतं. ही माणसं इंदूरला दहा वर्षं राहून इंदूरला नावं ठेवत होती. कचोरीला अनहेल्दी म्हणायची आणि पार्सल मागवायची. ग्लास गोल फिरवायचा, डोळे मिटायचे आणि इंग्रजी पुस्तकातलं वाक्य म्हणायचं, ही त्यांची आरती. त्यांचे एक अध्यक्ष होते. ओतायला, थंड करायला, बुचं काढायला त्यांनी वाटीकाकांना धरलं होतं. परदेशातून कोणी अनोळखी बाटली भेट आणली की अध्यक्ष ती काकांच्या हातात ठेवत: "ही तुम्हीच घ्या काका, आम्हाला कळत नाही हे काय आहे." आयुष्यात एवढं एकच खरं वाक्य ते बोलले असतील.

काका तिथे का जातात, असं मी एकदा चिडून विचारलं. त्यांनी वाटी पुसून ठेवली. मग म्हणाले की अध्यक्षांनी कबूल केलंय, पुढच्या रविवारच्या दुपारी सगळ्यांसोबत जेवायला बसायचं, खुर्चीवर. "मी कधी असं टेबलाशी बसून नाही पाहिलं, बेटा. ताटाबरोबर ग्लास, दोन्ही एकदमच. बघू तरी कसं लागतं."

त्या जेवणासाठी पदार्थ आणि वाइन यांचं कार्ड छापायचं काम माझ्याकडे आलं. यादी अर्थातच काकांची. अध्यक्षांचा निरोप आला की खाली 'निवड' म्हणून अध्यक्षांचं नाव टाक. मी नकार दिला. भांडले. शेवटी ती ओळच गाळून, बाबांना न दाखवता कार्ड छापलं आणि आपण तत्त्वाची लढाई जिंकली असं समजून छाती फुगवून अध्यक्षांच्या घरी जेवायला गेले; कार्ड छापणारी म्हणून मलाही बोलावणं होतं. काकांचं नाव टाकायचं माझ्या डोक्यात का आलं नाही, याचं उत्तर मी आजही शोधते आहे.

काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. दारातच अध्यक्षीणबाईंनी त्यांच्या हाती बूच काढायचा स्क्रू आणि नॅपकिन दिला. टेबलाशी एक खुर्ची जास्त होती हे खरं. तिच्यावर बायकांच्या पर्सा ठेवल्या होत्या. काकांनी एकदा तिकडे बघितलं आणि ओतायला लागले.

अध्यक्षांनी आपली नामांकित फ्रेंच लाल वाइन कीसाबरोबर उघडली. कीसातली हिरवी मिरची आणि ती वाइन एकमेकींना भिडल्या तशी सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, पण बोलेल कोण? एकाने स्ट्रक्चर छान आहे असं म्हटलं. घशाला चटके बसत असताना स्ट्रक्चर शोधणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काकांनी न विचारता थंड ग्रूनर आणून ओतली. आता माणसं खरोखर जेवू लागली. मग अध्यक्ष मागे रेलून म्हणाले, "ही माझी जुनी आवड. लोकांना माहीत नसते."

मी उभी राहिले. पत्रकाची पहिली ओळ जिभेवर होती. तेवढ्यात काका माझ्या मागे आले, कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं, उलटून मागची बाजूही बघितली आणि हळूच म्हणाले, "खाली नाव नाही, बेटा." मी बोलणार तर म्हणाले, "बस. बाटली गरम होतेय."

आणि मी बसले. तिथल्या सगळ्यांना नावं ठेवून झाली असतील तर त्या यादीत मलाही घाला.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, तळाची कोरी जागा पाहिली आणि परत दिलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. थोड्या वेळाने खाली जाऊन ते काकांना पुढच्या रविवारी जेवायला बोलावून आले. वर येताना बजावून आले की बाटली घेऊन या. दारूबंदीची पत्रकं छापणाऱ्या माणसाने हे सांगितलं, म्हणून आई दोन दिवस त्यांच्याकडे संशयाने बघत होती.

रविवारी आईने मटणाचा झणझणीत रस्सा केला. बाबांनी खुर्ची ओढून दिली, काका बसले. त्यांनी दोरोची लाल वाइन वाटीत घेतली, बाबांनी लिंबाचं सरबत. वाफाळत्या रश्श्याचा पहिला घास, त्यावर वाइनचा घोट. काका थांबले. त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आई घाबरून पाणी आणायला उठली. काकांनी हाताने तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पेन आण. चूक आहे."

चूक त्यांची होती आणि ती त्यांनाच सापडली होती. स्टाफ जेवायचा तो पाहुणे उठल्यावर, निवलेलं. रिटायर झाल्यावर डबा यायचा, तोही निवलेला. थंड रश्श्यावर चरबी थिजते आणि ती दणकट लाल वाइन तिला कापून काढते. गरम रश्श्यावर तीच वाइन तिखटाला भडकवते. "चाळीस साल मी निवलेल्या अन्नावर जोड्या लावल्या," काका म्हणाले. "गरम कसं लागतं मला माहीतच नव्हतं. सगळं परत बघावं लागेल, बेटा."

मला वही उघडवेना. आणि काका? ते हसत होते. परीक्षा पुन्हा द्यायला मिळाली म्हणून खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. अभिमानाच्या त्या जोडीवर त्यांनी माझ्याकडून काट मारून घेतली, दोन्ही रेघांसकट.

त्यानंतर दर रविवारी आमच्याकडे एक पदार्थ गरमागरम व्हायचा. दारूच्या तब्येतीने मी स्वयंपाक करायचा का, म्हणून आई कुरकुरायची आणि शनिवारीच विचारायची की उद्या काय लागतंय. कीस आणि ग्रूनरची जोडी पास झाली. खिचडी आणि मुस्कादे पास. गरम रश्श्याला शेवटी हंगेरीची किंचित गोडसर फुर्मिंट सापडली, चांगली थंड केलेली. यादीतल्या आठांपैकी सात पदार्थ झाले. मंडळाचे निरोप येत राहिले. काका मला कळवायला सांगायचे की रविवारी वेळ नाही, जेवायला बसायचं आहे.

गराडू राहिले. ते थंडीत येतात, आणि काका दिवाळीच्या आधीच गेले. झोपेत गेले. अध्यक्षांनी ग्रुपवर श्रद्धांजली लिहिली: आमचे एक विश्वासू मदतनीस. नाव लिहिलं नव्हतं. त्यांना ते माहीत नसावं.

मी बाबांच्या छापखान्यात कार्ड पुन्हा छापून घेतलं. सात जोड्या, आठवीसमोर कोरी जागा. तळाला: निवड, दौलत किसन मेश्राम.

आता तुमच्याकडे काम आहे. या थंडीत गराडू तळाल तेव्हा पोर्तुगालची ती हलकी बाटली आणा. तुमच्या घरात जो नेहमी उभ्याने वाढतो आणि शेवटी निवलेलं खातो, त्याच्यासाठी खुर्चीवरच्या पर्सा उचला. पहिलं गरम ताट त्याला द्या. लिंबू पिळावंसं वाटलं का, ते विचारा. तो सांगेल ते कागदावर उतरवा, आणि खाली त्याचं पूर्ण नाव लिहा.